वॉरंटीची तारीख आणि दोषाची तारीख

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ग्राहकांच्या तक्रारी वाचण्याचे आणि त्या कागदावर नीट मांडून देण्याचे काम करताना मोबाइलच्या तक्रारींचा एक प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. फोन घेतला, वॉरंटीत असतानाच तो बिघडला, कंपनीने दुरुस्त करण्याऐवजी बदलून दुसरा दिला. हा दुसरा फोन काही महिने चालला आणि मूळ खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर त्यातही दोष निघाला. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मग ठरलेले उत्तर मिळते: वॉरंटी संपली, आता पैसे भरून काम होईल. बहुतेक जण हा शेवटचा शब्द समजून घरी परततात. माझे म्हणणे असे, की हे उत्तर अर्धे आहे. वॉरंटीची तारीख ही कंपनीने आपणहून दिलेल्या एका वचनाची मुदत असते. कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क त्या तारखेला आपोआप संपत नाही, कारण कायदा दोष कधी दिसला यापेक्षा तो वस्तूत कधीपासून होता हे पाहतो. बदलून दिलेला फोन हातात पडला तेव्हाच आतून सदोष असेल, तर पहिल्या फोनची जबाबदारी कंपनीने अजून पुरती फेडलेली नाही. मात्र हे पटवून देण्याची सामग्री बदलीच्या दिवशीच जमवावी लागते, आणि आपल्याकडे नेमका तोच दिवस वाया जातो.

या विषयावर इतक्या गंभीरपणे बोलायचे कारण या भागातल्या जगण्यात आहे. शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे–नगर रस्त्यावर. दौंड भीमेच्या काठी, रेल्वेचे मोठे जंक्शन. एका बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कुरकुंभची, आणि मधल्या पट्ट्यात ऊस, कांदा, दूध. इथल्या माणसाचा फोन हौसेची वस्तू राहिलेला नाही. राज्यात २०२१ पासून शेतकऱ्याने ई-पीक पाहणी फोनवरून करायची आहे, आणि सातबाऱ्यावर पीक लागले नाही तर पुढे भरपाईपासून शासकीय खरेदीपर्यंत सगळीकडे अडते. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, कंत्राटी कामगाराचा पगार जमा झाल्याचा मेसेज, भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावरचा क्यूआर कोड, हे सगळे एका फोनवर चालते. तो हप्त्यांवर घेतला असेल तर फोन बंद पडला तरी हप्ता थांबत नाही. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर गावात नसेल तर वाघोली, हडपसर किंवा थेट पुणे गाठायचे, म्हणजे एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडालीच. फोन ठेवून घेतला तर दुसरी खेप, ‘पार्ट आला नाही’ म्हटले तर तिसरी. बदलून मिळालेला फोन पुन्हा बिघडतो तेव्हा ग्राहक हे सगळे हेलपाटे एकदा घालून बसलेला असतो. म्हणून तो दुसऱ्यांदा भांडत नाही, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ हक्क नाही असा लावला जातो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यातली दोषाची व्याख्या व्यापक आहे. कोणत्याही कायद्याने, किंवा स्पष्ट वा गर्भित कराराने, वस्तूची जी गुणवत्ता वा दर्जा राखणे आवश्यक आहे त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. विक्रेत्याने केलेल्या दाव्याला वस्तू उतरली नाही तर तोही दोषच. या व्याख्येत वॉरंटीचा काळ ही अट कुठेही नाही. ‘गर्भित करार’ म्हणजे काय, याचे उत्तर १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ मध्ये मिळते. त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, की ती बाजारात त्या वर्णनाची म्हणून चालेल अशा दर्जाची असेल, ही अट न लिहिताही करारात असते. घेताना तपासून कळला असता असा दोष यातून वगळला आहे, म्हणजे आतला, न दिसणारा दोष यात येतो. मोबाइलच्या बोर्डावरचा कच्चा जोड दुकानात उभे राहून कोणाला दिसणार? याच कलमाचे शेवटचे पोटकलम सांगते, की स्पष्ट वॉरंटी दिली म्हणून गर्भित अट रद्द होत नाही. दोन्ही एकमेकींशी विसंगत असतील तरच होते. वॉरंटी-पत्र ग्राहकाच्या हक्कांत भर घालते, मुळातला हक्क खाऊन टाकत नाही, या म्हणण्याला असा जवळजवळ शंभर वर्षांचा आधार आहे.

बदलून दिलेल्या फोनला हा विचार लावला की प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कंपनी फोन बदलून देते ती मेहरबानी म्हणून देत नाही. पहिली वस्तू सदोष निघाली म्हणून तिच्या जागी निर्दोष वस्तू देणे हे तिचे देणे असते. २०१९ च्या कायद्याचे कलम ३९ ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा आयोगाला वस्तू बदलून देण्याचा आदेश करण्याचा अधिकार देते, आणि बदली कशी असावी तेही सांगते: तशाच वर्णनाची, नवी आणि कोणताही दोष नसलेली. हा मजकूर आयोगाच्या आदेशासाठी आहे, कंपनीने स्वतःहून केलेल्या बदलीला तो शब्दशः लागत नाही, हे मान्य. तरीही योग्य बदली कशाला म्हणायचे याचे माप कायद्याने इथे स्वतःच घालून दिले आहे, आणि न्याय मागताना त्या मापाचा आधार घेता येतो. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांच्या अटींत बदलीसाठी नवा किंवा दुरुस्त करून नव्यासारखा केलेला फोन चालेल असे लिहिलेले असते, आणि त्याला वॉरंटी मिळते ती मूळ मुदतीतल्या उरलेल्या दिवसांपुरती. अकराव्या महिन्यात बदलून मिळालेल्या फोनला मग एका महिन्याचेच संरक्षण उरते. कोणी तरी वापरून परत केलेला, कारखान्यात उघडून पुन्हा बसवलेला फोन असा हातात येऊ शकतो, आणि त्याची कसोटी लागण्याआधीच मुदत सरते. तो नूतनीकरण केलेला असून नवा म्हणून दिला असेल, तर प्रकरण दोषाच्याही पुढे जाते. जुनी, दुरुस्त केलेली वा पुन्हा बांधलेली वस्तू नवी असल्याचे खोटे भासवणे ही २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून बदलीच्या दिवशी ‘हा फोन नवा आहे की रिफर्बिश्ड?’ असे विचारणे आणि उत्तर लेखी घेणे हा ग्राहकाचा माहितीचा हक्क आहे.

या लेखी कागदाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. फोन सर्व्हिस सेंटरला दिला की जॉबशीट मिळते. तिच्यात तारीख, आयएमईआय क्रमांक, ग्राहकाने सांगितलेली तक्रार, फोनची बाहेरून दिसणारी स्थिती आणि केलेले काम असे रकाने असतात. तक्रारीच्या रकान्यात पुष्कळदा ‘हँग’ किंवा ‘बंद’ एवढा एकच शब्द पडतो. फोन चार्जिंगला लावल्यावर तापतो, बोलताना आपोआप बंद होतो, सिम असून नेटवर्क जाते, हे ग्राहकाने तोंडी सांगितलेले कागदावर येत नाही. स्थितीच्या रकान्यात मात्र ‘ओरखडे’ हा शब्द न चुकता येतो. फोन बदलून देताना ही जॉबशीट बऱ्याचदा परत घेतली जाते आणि ग्राहक नवा फोन खिशात घालून बाहेर पडतो. त्याच्याकडे उरते ते दुकानाचे मूळ बिल, आणि त्या बिलावर असतो पहिल्या फोनचा पंधरा आकडी आयएमईआय. हातातल्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की वेगळाच क्रमांक उमटतो. पुढे हा फोन बिघडला तर तो कंपनीनेच दिला हे दाखवणार कसे? तो चोरीला गेला तर पोलिसांना दाखवायच्या बिलावर त्याचा क्रमांकच नाही. म्हणून बदलीच्या दिवशी एक पत्र मागून घ्यावे: जुना आयएमईआय, नवा आयएमईआय, बदलीची तारीख, बदलीचे कारण, फोन नवा की नूतनीकृत, आणि वॉरंटी कधीपर्यंत. काउंटरवरचा मुलगा ‘असे पत्र सिस्टीममधून निघत नाही’ म्हणाला, तर हाच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवावा आणि जॉबशीटचा फोटो सोबत जोडावा. कंपनीने उत्तर दिले नाही तरी त्या तारखेची नोंद तयार होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की अटी तर आधीच छापलेल्या असतात, ग्राहकाने त्या मान्य करूनच खरेदी केली, मग मुदत संपल्यावर तक्रार कशाची? आक्षेपात तथ्य आहे. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीच्या शब्दांना महत्त्व दिले. सदोष भाग बदलून देण्याची अट असताना सबंध गाडी बदलून मागता येणार नाही असे ठरवले. म्हणजे जो वॉरंटीच्या आधाराने मागतो त्याला वॉरंटीची चौकट पाळावी लागते. पण आपली मागणी दुसऱ्या पायावर उभी आहे: वस्तू देतानाच सदोष होती, ही ती मागणी. ग्राहक संरक्षण अधिनियमाचे कलम १०० सांगते, की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांना बाधा आणणारा नाही. म्हणून मालविक्री कायद्यातली गर्भित अट आणि ग्राहक कायद्यातली दाद एकत्र उभ्या राहू शकतात. शिवाय छापील अटींवर ग्राहकाला वाटाघाट करता येत नाही. खोक्यातल्या घडीपत्रिकेवर बारीक अक्षरांत जे असेल ते घ्यायचे किंवा फोन घ्यायचा नाही. २०१९ च्या कायद्याने एकतर्फी, ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हणून वेगळे स्थान दिले ते याचसाठी. त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते, त्यामुळे एका फोनसाठी ती वाट फारशी कोणी धरत नाही. पण कराराच्या अटी कायद्याच्या परीक्षेपलीकडच्या नाहीत, एवढे त्यातून नक्की ठरते.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा आहे आणि तो न्यायाचा आहे. फोन रोज हाताळला जातो, पडतो, भिजतो, बॅटरी वापराने झिजते. मग वस्तू जन्मभर सांभाळायची का? मुळीच नाही. फुटलेली काच, पाण्यात पडलेला फोन, बाहेरच्या कारागिराने उघडून जोडलेला फोन, दोन वर्षांच्या वापरानंतर चार्ज कमी धरणारी बॅटरी, यांच्यासाठी कंपनीला धारेवर धरणे चूक आहे आणि अशा तक्रारी लिहून देऊ नयेत असेच माझे मत आहे. अशा तक्रारींमुळे खऱ्या तक्रारीचे वजन घटते. पण याच आक्षेपाचा दुरुपयोगही होतो. फोनच्या आत ओल लागली की रंग बदलणारा छोटा पांढरा स्टिकर असतो. तो लाल वा गुलाबी दिसला की ‘लिक्विड डॅमेज’ असा शिक्का बसतो आणि चर्चा तिथेच संपते. स्टिकर ओल लागल्याचे सांगतो. बिघाड त्या ओलीमुळेच झाला का, ओल नेमकी कुठे पोहोचली, हे तो सांगत नाही. म्हणून तसे कारण दिले गेले तर त्या भागाचा फोटो आणि निष्कर्ष लेखी मागावा. वापरामुळे झालेला बिघाड आणि मुळातला दोष वेगळे ओळखण्याची एक सोपी खूण अनुभवातून दिसते. पहिल्या फोनमध्ये जो दोष होता तोच दुसऱ्यात निघाला, किंवा बदली फोनचा त्रास पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाला होता आणि त्याची नोंद आहे, तर मुळातल्या दोषाची शक्यता बळावते. वर्षभर सुरळीत चाललेला फोन अचानक बंद पडला तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागतात, आणि मुदतीत केलेली नोंद आहे की नाही यावर पुष्कळ काही अवलंबून असते. त्रास अंगावर काढत वॉरंटी संपेपर्यंत थांबणाऱ्याची बाजू त्यामुळेच कमजोर होते.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. निर्मितीतला दोष आहे हे सामान्य माणसाने कसे सिद्ध करायचे? कायद्याच्या कलम ३८ मध्ये वाट आहे: तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो, आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. फोनच्या किमतीच्या मानाने ही पदरमोड जड जाते. इथे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला जवळची अशी एक न्यायालयीन परंपरा उपयोगी पडते. बियाणे न उगवल्याच्या तक्रारींत कंपन्या नेहमी म्हणत, की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, म्हणून तक्रार फेटाळा. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा मुद्दा मान्य केला नाही. शेतकरी घेतलेले बियाणे पेरून टाकतो, पुढे तपासणी लागेल म्हणून त्यातले काही बाजूला ठेवील ही अपेक्षाच चुकीची, आणि कृषी अधिकाऱ्यांच्या पाहणीसारख्या इतर पुराव्यावरही दोष ठरवता येतो, हे त्या निकालाचे सार. फोनला हा निकाल जसाच्या तसा लागत नाही, कारण फोन तपासायला शिल्लक असतो. पण त्यातला विचार लागू पडतो: प्रयोगशाळेचा अहवाल हा पुराव्याचा एक प्रकार आहे, एकमेव प्रकार नाही. एकाच तक्रारीच्या ओळीने तीन जॉबशीट, कंपनीने स्वतः पहिला फोन बदलल्याची नोंद, दुसऱ्यातही तोच बिघाड, यांची साखळी बोलकी असते. फरक इतकाच, की बियाण्यासाठी तालुक्याला तक्रार निवारण समिती आहे, ती शेतावर येऊन पंचनामा करते. फोनसाठी असा पंचनामा करायला कोणी येत नाही, म्हणून तो ग्राहकाने स्वतः करावा: बिघाडाचा व्हिडिओ, तारीख दिसेल असे स्क्रीनचे फोटो, प्रत्येक जॉबशीटची प्रत. कंपनीकडेही पहिल्या फोनच्या तपासणीची नोंद असते. ती हजर करण्याची मागणी आयोगापुढे करता येते.

‘पण एवढ्याशा फोनसाठी पुण्याला तारखा करायच्या का?’ हा चौथा आक्षेप, आणि तो ग्राहकाच्या घरातूनच येतो. त्यातला त्रास खरा आहे. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग पुण्यात आहे, शिरूर वा दौंडहून जाऊन-येऊन दिवस मोडतो. कायद्याने साध्या तक्रारीला तीन महिन्यांची आणि तपासणी लागणाऱ्या तक्रारीला पाच महिन्यांची मुदत आखून दिली असली तरी तारखा त्याहून लांबतात. तरीही वाट पूर्वीइतकी बिकट उरलेली नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याची विनंती करता येते. फोन कुठल्याही शहरातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला असला तरी तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात चालते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते आणि कंपनीकडून उत्तर मागवले जाते. तिथे आदेश होत नाही, पण काउंटरवरची टोलवाटोलवी संपून प्रकरण वरच्या माणसापुढे जाते, आणि फोनसारख्या तक्रारी पुष्कळदा इथेच मिटतात. फोन धंद्यासाठी वापरतो म्हणून आपण ग्राहक नाही, असेही समजू नये. स्वतःच्या पोटासाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूची धरत नाही, त्यामुळे भाजीवाल्या मावशी आणि रिक्षावाले दादा यांचा हक्क शाबूत आहे. एकच गोष्ट सांभाळायची: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे गेले पाहिजे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. शेवटचा नकार कधी आला यावर विसंबण्यापेक्षा दोष प्रथम दिसला त्या दिवसापासून दिवस मोजणे शहाणपणाचे.

जबाबदार कोण, या प्रश्नावरही ग्राहकाची बोळवण होते. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीकडे जा’; सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘आम्ही एजन्सी, वरून अप्रूव्हल येत नाही’; कंपनी म्हणते, ‘सर्व्हिस सेंटरला भेटा’. ग्राहकाने पैसे दुकानदाराला दिले, करार त्याच्याशी झाला, म्हणून त्याला कानांवर हात ठेवता येत नाहीत. पण दोष कारखान्यात आलेला असतो आणि बदलीचा निर्णय कंपनीचा असतो, म्हणून तक्रारीत निर्माता, विक्रेता आणि गरजेप्रमाणे सर्व्हिस सेंटर अशा तिघांना पक्षकार करावे. कोणी किती सोसायचे ते आयोग ठरवील. शिरूरच्या बाजारपेठेतल्या वा दौंडच्या स्टेशनाबाहेरच्या छोट्या दुकानदाराशी वैर धरण्याचे कारण नाही. त्याने दिलेले पक्के बिल हाच ग्राहकाचा पहिला पुरावा असतो, आणि तो सोबत उभा राहिला तर कंपनीचे उत्तर लवकर येते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे: त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. पोचेचा तो क्रमांक जपून ठेवावा.

इतके सगळे सांगूनही एक उणीव उरते, आणि ती ग्राहकाच्या हुशारीने भरून निघणारी नाही. आपल्या कायद्यात हक्क आहे, पण तो प्रत्येकाला पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो. युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशाप्रमाणे नव्या वस्तूसाठी विक्रेत्याची किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते आणि पहिल्या वर्षात निघालेला दोष मुळातलाच होता असे धरले जाते. तसे नाही हे विक्रेत्याने दाखवायचे. २०२४ च्या तिथल्या दुरुस्ती-हक्काच्या निर्देशाने आणखी पुढे जाऊन दुरुस्ती स्वीकारणाऱ्या ग्राहकाला बारा महिन्यांची वाढीव मुदत दिली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोबाइल हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक ठरले, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी हा त्यामागचा हेतू स्वागतार्ह आहे. पण बदलून दिलेल्या वस्तूची मुदत कुठून मोजायची, हा प्रश्न अजून कंपन्यांच्या मर्जीवर आहे. मुदत नव्याने सुरू केली तर किमती वाढतील, असे यावर सांगितले जाते. तपासून, निर्दोष फोन बदलीला देणाऱ्या कंपनीचा खर्च त्यामुळे फारसा वाढणार नाही. खर्च वाढेल तो सदोष फोन पुढे सरकवणाऱ्या कंपनीचा, आणि आज तोच खर्च रांजणगावचा कामगार आणि पाटसचा शेतकरी आपल्या खिशातून भरतो आहे.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो यायला आणखी बारा वर्षे लागली. संघटित ग्राहकांनी आधी मागणी केली आणि मग कायदा आला, हा या जिल्ह्याचाच इतिहास आहे. आजची मागणी नेमकी आणि आटोपशीर आहे. बदली दिलेल्या प्रत्येक फोनसोबत दोन्ही आयएमईआय आणि नवा-जुना याचा उल्लेख असलेले पत्र सक्तीचे व्हावे. बदली फोनला, मूळ मुदत कितीही उरली असो, किमान सहा महिन्यांची नवी वॉरंटी मिळावी आणि त्या काळात निघालेला दोष मुळातला नव्हता हे दाखवण्याचा भार कंपनीवर असावा. तहसील कचेऱ्यांत २४ डिसेंबरला ग्राहक दिन साजरा होतो; तिथे भाषणांबरोबर अशा तक्रारी नोंदवून घेणारे टेबल असावे आणि त्यांचा एकत्रित अहवाल जिल्ह्याला जावा. हे होईपर्यंत प्रत्येक ग्राहकाने आपल्यापुरते एवढे पक्के धरावे: ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य ऐकल्यावर विचारायचा प्रश्न संपत नाही. हा फोन तुम्ही मला दिला त्या दिवशी निर्दोष होता का, हा तो प्रश्न आहे. तो लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच मागावे.